माडीवरचा बत्ता

रिकाम्या डब्यांचं होतं तसंच किश्शांचं होतं. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. मग एक दिवस माळ्यावरून काही काढायला जावं, तर सगळे धडाधड डोक्यावर! परवा माझं तसंच झालं. बेंगळुरूत व्हाइटफील्डला राहणारा माझा नातू सांगत होता, "आजोबा, काल ऑफिसच्या पार्टीत कराओके होतं. मशीन म्युझिक वाजवतं, शब्द समोर दिसतात, आपण माइक घेऊन गायचं. शेवटी मशीन मार्कसुद्धा देतं!"

मी म्हटलं, "बाळा, हे सगळं तुझ्या बापाच्या जन्माआधी मी चामराजपेटेत केलंय. मार्कांसकट!"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा फेकतोय. म्हणून हे सांगणं आलं.

*

चामराजपेटेत माझं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दोन दारं सोडून भुजंगअण्णांचा बार. बार म्हणजे चार टेबलं, एक आरसा आणि पंखा. त्याआधी तिथे अण्णांच्या आजोबांपासूनचं शिंप्याचं दुकान होतं. पण लोक तयार कपडे घ्यायला लागले तसे अण्णांनी एके दिवशी मशीनं विकून टाकली आणि बारचा बोर्ड लावला. बायकोला न विचारता!

बोर्ड लागला त्या दिवसापासून अक्कांनी अण्णांशी बोलणं सोडलं. अक्का म्हणजे अण्णांची बायको. माडीवर राहायच्या. एरवी अख्ख्या गल्लीशी गप्पा, पण अण्णांशी एक शब्द नाही. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली. म्हणजे वर दोनच माणसं, आणि त्यात अबोला. अण्णा बायकोचं नाव घेत नसत. त्या काळी कोण घ्यायचं? ते नुसतं 'वर' म्हणायचे. "वर राग आहे." "वर आज उपास आहे."

एकदा दुकानात येऊन मला म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाइकांना गायला येईल असं काहीतरी करा की. स्वस्तात. दुकानात आवाज पाहिजे बघा. वर फार शांत असतं."

मला वाटलं, धंद्यासाठी म्हणतायत.

*

खरा माइक परवडणारा नव्हता. मी जुन्या बाजारातून मोडका रेडिओ आणला. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असायची. त्यात मी टेलिफोनचा जुना रिसीव्हर जोडला. टॉर्चचे दोन सेल लावले, रेडिओतला स्पीकर काढून रांजणाच्या तोंडावर बसवला. आवाज असा घुमायला लागला की अण्णा दोन पावलं मागे सरकले.

गडबड एकच झाली. त्या काळात टेलिफोन किती लोकांनी हातात धरलेला? रिसीव्हर दिसला की माणूस गाणं विसरायचा आणि ओरडायचा, "हलो!"

पहिल्याच दिवशी तीर्थहळ्ळीचे एक सुपारीचे व्यापारी उठले. रिसीव्हर कानाला लावून म्हणाले, "हलो! कोण बोलतंय?" मी सांगितलं, "राव, तोंडाशी धरा आणि गा." ते म्हणाले, "सरी सरी, ठीक आहे, गाणं नंतर. आधी घरी निरोप सांगतो." आणि त्यांनी उद्या कुठला माल कुणाला काय भावाने विकायचा ते सगळं रांजणातून जाहीर केलं. मागच्या टेबलावर दुसरे दोन सुपारीवालेच बसले होते. ते दोघं ग्लास अर्धे टाकून पळाले!

तेव्हापासून नियम झाला. रिसीव्हर उचलल्यावर एकदा हलो म्हणायची परवानगी. त्यानंतर गाणंच.

*

म्युझिकचं खातं नामदेवमामांकडे होतं. मामा अण्णांच्या जुन्या दुकानातले कारागीर. मशीनं गेली तरी मामा गेले नाहीत. "मी कुठं जाऊ? मला इथंच बसायची सवय आहे," म्हणून घरून पेटी घेऊन आले आणि कोपऱ्यात बसले.

त्या काळी थिएटरबाहेर सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं मिळायची. मामांकडे ती ढिगाने होती. त्यांनी ती दोऱ्याने शिवून जाड वही केली. गाणाऱ्याच्या समोर वही धरायची, झाले शब्द तयार.

पण गाणाऱ्याची पट्टी कुठली, हे कसं कळणार? मामांना त्यात काहीच अडचण दिसली नाही. गळ्यातली टेप काढायची, गाणाऱ्याच्या गळ्याभोवती गुंडाळायची आणि जाहीर करायचं, "गळा साडेतेरा. काळी एक!" गळा पंधरा असला तर पांढरी एक. सोळाच्या पुढे गेला तर मामा म्हणायचे, "तुम्ही नुसतं ऐका."

आणि गंमत म्हणजे दहातल्या सात जणांना ती पट्टी बसायची!

फसले ते नागप्पाच्या बाबतीत. नागप्पा बसचा कंडक्टर, निपाणीकडचा, मराठी-कन्नड एकाच श्वासात बोलणारा. मान बैलाची आणि आवाज चिमणीचा. मामांनी खाली पट्टी दिली, नागप्पा वर चिवचिवतोय. गाणं संपल्यावर मामा टेप गुंडाळत खिन्नपणे म्हणाले, "कापड ओव्हरकोटाचं आणि शिलाई झबल्याची."

*

आता मार्कांचं सांगतो.

आमचं गाणं सुरू होऊन आठवडा झाला असेल. कुणीतरी एक प्रेमगीत आळवत होतं, आणि एकदम डोक्यावर 'धाड!' छताच्या फळ्यांतून धूळ पडली, ती थेट गाणाऱ्याच्या ग्लासात. मामांनी पेटीवरचा हात उचलला आणि डोळे मिटून म्हणाले, "निषाद चुकला. बरोबर आहे त्यांचं."

अक्का वरून खलबत्त्याचा बत्ता जमिनीवर आपटत होत्या! अक्कांचे वडील हरिदास. कीर्तनात बापाच्या मागे झांज घेऊन उभी राहिलेली मुलगी ती. बार सहन करत होत्या, पण बेसूर नाही.

गिऱ्हाइकांना चेव चढला. सूर चुकला की बत्ता. ताल चुकला की दोन बत्ते. लोक गाऊन झाल्यावर छताकडे बघायला लागले. अण्णांनी पाटी लावली : 'बत्ता न पडता पूर्ण गाणं म्हणेल त्याला चकली फुकट.' चकली अक्कांचीच. त्या रोज संध्याकाळी दोरीला टोपली बांधून चकली, भाजलेले शेंगदाणे खिडकीतून खाली सोडायच्या. टोपली खाली येताना अण्णा स्वतः जाऊन धरायचे आणि मान वर करून उभे राहायचे. दोरी सुटायची, खिडकी लागायची. मग अण्णा आत यायचे.

सहा महिन्यांत फुकटची चकली एकालाही मिळाली नाही.

*

अण्णांचे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, पुण्याचे. शाळेत मास्तर. तिकडे दारूबंदी होती, म्हणून त्यांना वर्षातून दोनदा बेंगळुरूची हवा मानवायची. येताना डोक्याला मफलर, बसायचं भिंतीकडे तोंड करून, आणि ऑर्डर द्यायची ती "औषध आण रे" अशी. दोन औषधं पोटात गेली की मफलर सुटायचा.

एकदा त्यांनी रिसीव्हर घेतला. मामा टेप घेऊन पुढे आले, तर म्हणाले, "आमच्या गळ्याला माप नसतं!" आणि नाट्यसंगीताची अशी तान घेतली की रांजण थरथरला.

धाड!

मेहुणे थांबले. छताकडे बघून रिसीव्हरमधूनच म्हणाले, "वहिनी, ही तान आहे. पुण्यात हिला दाद मिळते!"

धाड! धाड! धाड!

मेहुण्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "औषध आण रे."

*

माझ्या मशीनचाही एक दोष होता, तो मला कधी सापडला नाही. मध्येच कुठेतरी वायर हलायची आणि आतला रेडिओ जागा व्हायचा. एकदा नागप्पा डोळे मिटून विरहगीत म्हणत होता. तो विचारतोय, "सांग सखे, तू येशील केव्हा?" आणि रांजणातून कन्नड बातम्या देणारा गंभीरपणे म्हणाला, "येत्या चोवीस तासांत."

नागप्पाला कळलंच नाही. त्याने पुढची ओळ घेतली, "येताना काय आणशील गं?" रांजण म्हणाला, "काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस."

बार कोसळला! मामा पेटीवर आडवे. नागप्पाने डोळे उघडून विचारलं, "येनु? चुकलं काय?"

हसणं ओसरल्यावर अण्णांनी एकदम हात वर केला. "गप्प बसा! गप्प बसा!" अण्णा जिन्याच्या पायरीशी जाऊन उभे राहिले, मान तिरकी करून. मग माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, वर हसल्यासारखं वाटलं. तुम्हाला आलं का ऐकू?"

मला आलं नव्हतं. मी म्हटलं, "आलं की."

त्या दिवशी मला समजलं, हा सगळा खटाटोप गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. दीड वर्षं एका माणसाने घरात नुसती भांड्यांची आदळआपट ऐकायची आणि त्या बत्त्याचीसुद्धा वाट बघायची! दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला सांगितलं, "ती वायर दुरुस्त करू नका."

*

आणि आता आयुधपूजेचा किस्सा.

बेंगळुरूत दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा मोठी. बस, रिक्षा, करवत, कात्री, सगळ्यांना फुलं. शिंप्याचं दुकान होतं तेव्हा अक्का स्वतः खाली येऊन एकेका मशीनला हळद-कुंकू लावायच्या. आता बार. मागच्या वर्षी तर अण्णांनी त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं. "बाटल्यांची पूजा करू काय?" म्हणाले होते.

या वर्षी मी आणि मामा सकाळीच गेलो. बाटल्या कपाटात बंद केल्या, फरशी धुतली. मामांनी पेटीला आणि टेपला कुंकू लावलं. मी रेडिओला झेंडूची माळ घातली, रांजणावर स्वस्तिक काढलं. नागप्पा आपली शिट्टी आणि तिकिटांचा पंच घेऊन आला, तेही पूजेत ठेवले. रिसीव्हरला कुंकू लावताना अण्णा म्हणाले, "वर कुणी विचारलं तर सांगता येईल, यंत्रच आहे म्हणून." वर कोण विचारणार होतं?

पूजा झाली. चुरमुरे आणि गूळ वाटला. चहा झाला. नागप्पा म्हणाला, "अण्णा, आज तुमी म्हणा की हो. स्वल्प. सहा महिने आमचंच ऐकताय."

अण्णा कधीच गात नसत. आवाज फुटक्या मडक्याचा, त्यांना स्वतःला माहीत होतं. आम्हाला वाटलं, उडवून लावतील. पण ते उठले. मामा टेप घेऊन पुढे झाले, अण्णांनी मान लांब केली. मामांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि टेप गळ्यात टाकून पेटीपाशी जाऊन बसले.

वही पुढे केली तर अण्णांनी ती बाजूला सारली. खिशातून एक कागद काढला. गुलाबी, घड्यांवर विरलेला. पूर्वी लग्नात नवरा-नवरीची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायचे आणि अशा रंगीत कागदांवर छापून मांडवात वाटायचे. तसला कागद होता तो. अण्णांच्या स्वतःच्या लग्नातला.

"हलो," अण्णा म्हणाले. आणि मंगलाष्टकं सुरू केली.

काय सांगू! मी रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालवलं, पण तसला आवाज कुठल्याही बिघडलेल्या सेटमधून ऐकला नाही. पट्टी एकीकडे, अण्णा दुसरीकडे, मामा मधल्या मध्ये शोधतायत. पहिलं कडवं संपलं आणि सवयीने आमच्याच तोंडून निघालं, "शुभमंगल सावधान!" नागप्पाने हातातले चुरमुरे अक्षता म्हणून उधळले. दुसरं कडवं. पुन्हा सावधान, पुन्हा चुरमुरे. मी एक डोळा छताकडे ठेवून होतो. आता पडेल, या ओळीला नक्की पडेल. अण्णा कागदावर अडखळले, पुढे गेले, शेवटचं कडवं तर त्यांनी जवळजवळ ओरडूनच म्हटलं.

गाणं संपलं. बत्ता पडला नाही.

एकही नाही. सहा महिने ज्या छताने कुणाला सोडलं नव्हतं, ते गप्प. आम्ही सगळे मान वर करून बसलेले. अण्णांच्या डोक्यावर चुरमुरे, हातात रिसीव्हर. पलीकडून आवाज आला नाही की टेलिफोनवर माणूस जे म्हणतो, तेच ते शेवटी म्हणाले.

"हलो? ऐकू येतंय का?"

मग जिन्याच्या वरच्या पायरीवरून अक्कांचा आवाज आला.

"येतंय. तिसरं कडवं गाळलंत तुम्ही. माझं नाव होतं त्यात."