आत्या दूध घेते

सिनेमा करायला घेतला की शूटिंग कमी आणि किस्से जास्त होतात. आमचा भुताचा पिक्चर अजून एडिटिंगला आहे, किस्से मात्र केव्हाच रिलीज झालेत!

दिग्दर्शक आमची मैत्रीण ऋतुजा, आणि मी साउंडला. गोष्ट अशी: सोळा वर्षांच्या मुलीचा बाप मरतो, त्याचा आत्मा तिच्या मोबाइलमध्ये शिरतो आणि दोघं मिळून सूड घेतात.

ऋतुजाचे वडील, अण्णा, गेल्या वर्षी गेले. औरंगपुऱ्यात त्यांचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. नातेवाइकांचं एकच टुमणं, "पोरी, दुकानावर बस!" ती म्हणायची, "हा पिक्चर होऊ द्या, मग सांगते." अण्णांना काय आवडलं असतं, हेच तिला कळत नव्हतं. मला तिची फार काळजी वाटायची.

*

स्क्रिप्ट तिनं मोबाइलवर बोलून टाइप केली. ती म्हणाली, "आत्मा सूड घेतो." मोबाइलनं लिहिलं, "आत्या दूध घेते."

प्रॉडक्शन सांभाळणारे अस्लमभाई कागदावर असेल तेच करणार. सकाळी सेटवर लासूर स्टेशनच्या एक मावशी हजर. पैठणी नेसून!

"आत्या लाया मैं, दूध बी लाया. भैंस का है!"

मावशींना परत कसं पाठवणार? त्यांनी दूध पीत असं काही रोखून पाहिलं, की व्हिलन दोन पावलं मागं सरकला. आत्या पिक्चरमध्ये राहिल्या.

*

भूत झालेले काका म्हणजे रिटायर्ड एसटी कंडक्टर. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काळं, तशाच अवतारात चहाच्या टपरीवर गेले.

टपरीवाल्यानं नीट न्याहाळलं. "काका, साखर कमीच टाकतो. तब्येत लई उतरलीय तुमची."

*

एका सीनमध्ये व्हिलनला मेलेल्या माणसाचा फोन येतो. सगळ्यांचे मोबाइल बंद केले, त्याचा आणि माझा तेवढा चालू, कारण रिंग मीच देणार होतो. मी द्यायच्या आतच फोन वाजला. त्यानं उचलला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"कट! काय भीती दाखवलीस रे!" ऋतुजा खूश.

हेडफोनमध्ये मी सगळं ऐकलं होतं. त्याची बायको विचारत होती, "दळण आणलं का?"

*

शेवटचा सीन पैठणच्या घाटावर होता. बापाच्या पिंडाला कावळा शिवतो आणि पोरगी सूड सोडून देते. पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, खाली यायला एकही तयार नाही.

मग युनिटच हात जोडून सुरू झालं. "तुमच्या पोरीला सांभाळू!" "तिचं लग्न लावून देऊ!" अस्लमभाई म्हणाले, "मोबाइल बी फॉर्मेट कर देंगे!"

ऋतुजा झाडावरच्या कावळ्यांकडं बघत होती. अण्णांच्या दहाव्यालाही असंच झालं होतं. लोकांनी लग्नाचा शब्द दिला, दुकानाचा दिला, पण कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला होता. मला ते माहीत होतं, म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

ती सगळ्यांना बाजूला करून पिंडाजवळ गेली. "अण्णा, मला दुकान नाय जमणार. मी पिक्चरच करणार. चालंल ना?"

कावळा आला. शिवला.

कॅमेरामन ओरडला, "मॅडम, रोल केलंच नव्हतं! वन मोअर करू?"

ऋतुजानं ओढणीनं नाक पुसलं.

"नको. ओके आहे."