चिंचेनं घासलेला पाइप

लीलाबाई मूळची कन्नड तालुक्यातली. घरची मेंढरं होती. चारापाणी आटलं तशी ती विकून नवरा-बायको शहरात, मुकुंदवाडीत आली. पुढे नवरा वारला. मग चिकलठाण्यातल्या राजेंद्रच्या वर्कशॉपात तिला तयार माल पुसून ठेवायचं काम मिळालं. त्यावरच तिची चूल पेटत होती.

पुन्हा दुष्काळ पडला, त्या साली राजेंद्रला गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेचं काम आलं. तिथं बंद भांड्यात वायू सूर्याहूनही जास्त तापवतात. त्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्यासारख्याच, पण फार जबर लहरी तांब्याच्या पाइपातून आत सोडतात. पाइपाला आतून केसाएवढ्या बारीक चऱ्या. तिथं जरा खराबी राहिली की ठिणगी उडून पाइप जळतो. बिभीषण मिस्त्रीनं डोळ्यांत तेल घालून तो लेथवर कातला होता.

"मावशी, उद्या साहेब तपासायला येतील. वरून कोरडं पुसा. आत बोट घालू नका," राजेंद्रनं बजावलं.

तो गेल्यावर लीलाबाईनं पाइप पाहिला. तांबं काळवंडलेलं. पाहुण्यांपुढं असं तांबं ठेवायचं कसं? तिनं डब्यातली चिंच काढली, मीठ घेतलं आणि घरची घागर घासावी तसा पाइप आतबाहेर लख्ख केला. टँकर आला नव्हता. म्हणून तांब्याभर पाण्यातच खळबळून ठेवला.

सकाळी बिभीषणनं बॅटरी लावून आत पाहिलं आणि राजेंद्रला हाक मारली. चिंचेचं पाणी राहिलेल्या चऱ्या हिरव्या पडल्या होत्या. मिठाच्या खड्यांनी कडा ओरबाडल्या होत्या.

"मावशी, आत बोट घालू नका म्हणले व्हते ना दादा?"

"बोट नाय घातलं, बाबा. काडीला चिंधी बांधली व्हती."

"अवो, ही काय तुमची घागर हाय व्हय!"

राजेंद्रनं औषधानं धुऊन पाहिलं. हिरवं गेलं, कडा काही परत आल्या नाहीत. दुसरं तसलं तांबं जवळ नव्हतं. साहेब आले, आत डोकावले, हळू आवाजात काहीतरी बोलले आणि चहा न घेताच गेले. काम दुसरीकडे गेलं, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

लीलाबाई दाराशी पदर मुठीत धरून उभी होती.

"दादा, शिव्या तरी द्या."

राजेंद्र मशीनवरची धूळ फुंकत राहिला.

"मग उद्या कवा येऊ?"

बिभीषणनं मान फिरवली. मग तिनं सगळ्यांचे चहाचे पेले उचलले आणि उरलंसुरलं पाणी जपून वापरत विसळायला बसली.