मामाचे जमादार

कुत्र्याला 'अहो' आणि पाटलाला 'अरे' म्हणणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो माझा थोरला मामा. लहानपणी देवी येऊन त्याचे डोळे गेले होते. रिसोडजवळच्या आपल्या मळ्यात तो वांगी चाचपून खुडायचा आणि बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन निघायचा. कमरेला दोरी आणि दोरीच्या पुढच्या टोकाला तांबडा कुत्रा. त्याचं नाव जमादार.

दोरी अडकवली की जमादार कामावर. मग त्याला कुणी चुचकारलेलंही मामाला खपत नसे. "बोलू नका त्यायच्याशी, डोकं दमते त्यायचं." वाटेत जमादार थबकला की मामाही टोपलीसकट थांबे. मागच्या बंड्या खोळंबत, गाडीवान शिव्या देत, आणि मामा शांतपणे सांगे, "इचार करून राह्यले." दोरी सुटली की सुट्टी, आणि सुट्टीत त्याला हाक मारणं म्हणजे पाप. एकदा संध्याकाळी मामा बैलांच्या गव्हाणीत सपशेल पडला. मामी ओरडली, "अवो, कुत्रं जवळच होतं, बलावलं काहून नाई?" कडब्याची पानं झटकत मामा म्हणाला, "आत्ताच तर जेवले ते." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून त्यांना जेवायचं आवतण देतात. बैल झाले की मामा जमादाराचेही खांदे चोळी आणि हात जोडून म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सगळा गाव हसायचा. मीही पोटभर हसले आहे.

मग एका बाजारात जमादाराच्या पायावरून बंडीचं चाक गेलं. पाय बरा झाला, पण पुढे दोरी दिसली की तो जांभयांवर जांभया देऊ लागला. "आळशी झालं," मामी म्हणाली. मामाने त्याच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "आळस नाई हा. भेव हाये." त्याने दोरी खुंटीला टांगली ती कायमची. बाजार म्हणजे मामाचा जीव की प्राण, तरी वांगी मामी नेऊ लागली. तिच्याबरोबर जा म्हटलं तर म्हणे, "यायले एकटं टाकून?" नवं पिल्लू आणू म्हटलं तर माझ्यावरच उखडला. "यायच्यादेखत दुसरा बांधू? मनाले काय वाटंल त्यायच्या?"

एका सकाळी जमादार आपण होऊन आला आणि त्याने मामाच्या तळव्यात नाक खुपसलं. "सुट्टी हाये तुमाले," मामा म्हणाला. तो हलेना. मामाने दोरी न घेता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि धुक्यातून दोघं मेथीच्या वाफ्याच्या कडेने कुंपणापर्यंत हळूहळू गेले. "काम नाई हे," मामा मला बजावत होता, "फिराले चाललो आमी." मग रोजचंच झालं ते. बाजार का सोडला म्हणून कुणी विचारलं, तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "आमचे जमादार सुट्टीवर हायेत."

पुढच्या पोळ्याला जमादार राहिला नव्हता. बैलांचे खांदे चोळून झाले तरी मामाच्या बोटांना लोणी उरलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या एका जुन्या गाडीवानाला काही ठाऊक नव्हतं, त्याने हाक घातली, "मामा, जमादार कुठं हायेत?"

"सुट्टीवर," मामा म्हणाला, आणि हात पुसायचं विसरून तसाच बसून राहिला.