सीलबंद पिशवीतली गोळी

“पिशवीचं सील तुम्ही तोडलंत कशाला, मावशी?”

“गोळी आत होती, साहेब.”

“ते पुढच्या तुरुंगात तोडायचं असतं. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“सांगा की. चोवीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही.”

फौजदारांनी कपाळाला हात लावला. वयानं ते तिच्या मुलाएवढे. ठाण्यात सगळेच या हवालदारणीला मावशी म्हणत, म्हणून तेही म्हणत. मधल्या टेबलावर कापडी पिशवी पडलेली, तोंडाशी लाखेचे तुकडे.

मावशीचं काम एकच. बायका कैद्यांना तुरुंगातून कोर्टात, नाहीतर या तुरुंगातून त्या तुरुंगात सुखरूप पोचवायचं. नव्या पोरी कैद्याच्या हातांवर नजर ठेवत, मावशी तोंडावर. ओठ पांढरे पडले की ती गाडी थांबवायला लावायची. ड्रायव्हर कुरकुरायचा, “नाटकं करतात या.” “करू दे. दहा नाटकं बघीन मी. अकराव्या वेळी खराच पडदा पडला, तर तू उचलणारेस का?” फिट आलेल्या एका पोरीचं डोकं तिनं दोन तास मांडीवर धरलं होतं. पोरीनं तिचा अंगठा चावून फोडला, तर म्हणाली, दात चांगले आहेत गं तुझे.

आणखी एक रीत तिची स्वतःची. फाटकावर कैद्याचं सामान पिशवीत घालून लाख लावतात. लाख ओतायच्या आधी ती विचारायची, “औषध कुठाय?” वहीत नोंद करून गोळ्या आपल्या खिशात घ्यायची. काल फाटकावर गर्दी होती. शिपाई नातीचे फोटो दाखवत होता, मावशीही कौतुकानं बघत बसली, आणि विचारायचं राहून गेलं.

अर्ध्या वाटेत कैदी बाई म्हणाली, छातीत आवळतंय, माझी गोळी द्या. शिवणकाम करणारी, शांत बाई. मावशीचा हात सवयीनं खिशात गेला. खिसा रिकामा. पिशवी मागच्या पेटीत, किल्ली ड्रायव्हरच्या जुडग्यात. लाख फोडून गोळी जिभेखाली जाईपर्यंत आठ मिनिटं गेली. इस्पितळ यायच्या आधीच बाईचा हात थंड पडला. पण डॉक्टरनं लिहून देईपर्यंत बेडी काढता येत नाही. कागदावर मरेपर्यंत कैदी कैदीच. मावशीनं बेडीखाली दोन बोटं सरकवून ठेवली, लोखंड मनगटाला टोचू नये म्हणून, आणि बोलत राहिली. “आलंच हं बाई. ते काय, वळणावर.”

“सील तोडलंत ते मी सांभाळून घेईन,” फौजदार म्हणाले. “पण तुमच्या जबाबात हे काय? ‘औषध बाहेर काढून घ्यायचं माझ्याकडून राहिलं.’ कुणी विचारलं होतं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“मग? लिहा, तुरुंगानं औषधाची कल्पना दिली नव्हती.”

“दिली होती. कागदावर आहे.”

“तो कागद कोण वाचतंय?”

“मी वाचायला हवा होता.”

“अहो, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. निलंबित होऊन घरी बसायचंय का? सुनेला काय सांगाल?”

“ती म्हणेल, बरं झालं, भाजी निवडायला माणूस मिळालं.”

साहेब हसले नाहीत. मावशीही हसली नाही. खिडकीतून बाहेरचं बाकडं दिसत होतं. त्यावर मेलेल्या बाईची बहीण सकाळपासून बसून होती. येईल त्याला एकच विचारत होती, ताईनं गोळी मागितली होती का हो? कुणी म्हणे साहेबांना विचारा, कुणी म्हणे डॉक्टरांना.

“तिचं मी बघतो,” फौजदार हळू आवाजात म्हणाले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “तुमच्या भल्याचंच सांगतोय, मावशी. हे लिहा आणि मागच्या दारानं घरी जा. लिहिताय ना?”

मावशीनं टोपी उचलली, काखेत धरली. खुर्ची नीट टेबलाखाली सारली. आणि पुढच्या दारानं, बाकड्याच्या दिशेनं, बाहेर गेली.