तुडमाचा खुंटा

मंगळवार, अकरा तारीख, सकाळी साडेनऊ. हजर: मी, फारूकभाई, आणि कामानिमित्त गडचिरोलीहून आलेल्या एक अंगणवाडी पर्यवेक्षिका. गैरहजर: देवानंद शेंडे. कारण: उशीर.

आमच्या ऑफिसची मंगळवारची बैठक मी अशीच लिहून ठेवते. ऑफिस म्हणजे चंद्रपुरात सायकलच्या दुकानावरची एक खोली. तिथे आम्ही तिघं लहान संस्थांसाठी वेबसाइट आणि प्रोग्राम तयार करतो. मी बल्लारपूरहून ट्रेनने येते आणि वेळेत येते. देवानंद मूलहून एसटीने यायचा आणि कधीच वेळेत यायचा नाही. त्यामुळे त्याच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात तो शब्द मी न विचारताच लिहायचे. त्या दिवशीही लिहिला. दहाच्या सुमारास त्याच्या बायकोचा, सुमनचा, फोन आला. "बाई, हे उठून नाई राह्यले जी..." एवढंच ती म्हणाली. मग दुसऱ्या कोणीतरी फोन हातात घेतला. झोपेतच हृदय थांबलं होतं. वय सेहेचाळीस. रजिस्टरातला तो शब्द मी खोडलेला नाही.

बारा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. पहिल्या दिवशी तो डब्यात भात आणि झिंग्याची चटणी घेऊन आला आणि विचारता विचारता माझ्या ताटलीत वाढून मोकळा झाला. त्याचं सगळं असंच होतं. त्याचा पेन सगळ्यांचा, त्याची छत्री सगळ्यांची, आणि दुर्दैवाने माझं पंचिंग मशीनही सगळ्यांचं. मी माझ्या वस्तूंवर नाव लिहिणारी. तो म्हणायचा, "बाई, तुमचं नाव पाह्यल्याबिगर मले वस्तू सापडतच नाई. बरं होते, लिहीत जा."

प्रोग्राम लिहितानाही तो तसाच वागायचा. जे या कामातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रामला माहिती लक्षात ठेवायला नाव दिलेले डबे लागतात. काही डबे एका कामापुरते असतात, काम संपलं की डबा गेला. काही डबे साऱ्या प्रोग्रामला उघडे असतात, कोणत्याही कोपऱ्यातून त्यात हात घालावा, वाचावं, बदलावं. अशा उघड्या डब्याला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. देवानंदला ते फार आवडत. मी म्हणायचे, "अरे, कोणी कधी बदललं ते कळणार कसं?" तो म्हणायचा, "आपण तिघंच तं आहो. विचारून घेऊ." त्याचा प्रोग्राम चालायचा आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात लिहून व्हायचा.

देवानंद कोसमटोल्याच्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबातला. गावाला मोठा जुना तलाव आहे आणि त्याचे वडील तिथले पाणकर होते. तलावाचं पाणी शेतात सोडायची जी दगडात बांधलेली वाट असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तिच्या भोकात लाकडाचा खुंटा ठोकलेला असतो. तो खुंटा काढायचा आणि ठोकायचा अधिकार फक्त पाणकराचा. तलावातली मासोळी मात्र गावच्या मच्छीमार सोसायटीची. पावसाळ्यात सोसायट्या बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, मागवतात आणि तलावात सोडतात. ती मागणी वेबवरून नोंदवता यावी म्हणून आसपासच्या काही सोसायट्यांनी मिळून आम्हाला काम दिलं. देवानंदच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लाडकं काम. सोसायटीचे सचिव धर्माकाका त्याच्या वडिलांचे मित्र. त्यांना मोबाइलवर बटण कुठे दाबायचं ते शिकवायला तो तीन वेळा गावी गेला आणि तिन्ही वेळा जेवून आला.

प्रोग्राम तयार झाल्यावर तपासायचं काम माझं होतं. मी यादी केली. गाव निवडता येतं का, आकडा चुकीचा टाकला तर अडतं का, पावती येते का... सगळ्या ओळी मी स्वतः, एकेक करून, शांतपणे तपासल्या आणि प्रत्येकीपुढे खूण केली. प्रोग्राम चांगला होता.

चूक कुठे होती ते आज एका वाक्यात सांगता येतं. निवडलेलं गाव देवानंदने उघड्या डब्यात ठेवलं होतं. एका माणसाच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रामात हे कदाचित खपून जातं. वेबवर प्रोग्राम एकच असतो, दूर कुठेतरी चालणारा, आणि त्याच्याशी बोलणारी माणसं अनेक. धर्माकाकांनी कोसमटोला निवडलं. डब्यात कोसमटोला गेलं. ते चष्मा शोधत होते तेवढ्यात आंबेघाटच्या सचिवांनी त्यांचं गाव निवडलं. डबा तोच, आत आता आंबेघाट. मग काकांनी 'पक्कं करा' दाबलं आणि त्यांची मागणी आंबेघाटच्या नावावर पक्की झाली.

ठरलेल्या दिवशी कोसमटोल्याची माणसं सकाळपासून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घमेली-बादल्या घेऊन उभी होती. बाया होत्या, शाळा बुडवलेली मुलं होती. बोटुकलीची गाडी आलीच नाही. ती आंबेघाटला गेली, तिथल्या लोकांनी दोन्ही गावांची बोटुकली आपल्या तलावात सोडली, नाव त्यांचंच होतं, त्यांचा काय दोष? पाण्यात गेलेलं पिल्लू परत निवडून काढता येत नाही. त्या हंगामात पुन्हा माशाचं बीज मिळालं नाही. कोसमटोल्याचा तलाव वर्षभर तसाच राहिला.

आम्ही दोघं गावी गेलो. समाजमंदिरात सगळे बसले होते. एक म्हातारी देवानंदला म्हणाली, "काऊन रे, ढिवराचा पोरगा तू, अन् आमच्याच तलावाले उपाशी ठेवलं?" देवानंद उभा राहिला. म्हणाला, "चूक माह्यी आहे. प्रोग्राम म्या लिहिला. दुसऱ्या कोणाचा संबंध नाई." मी शेजारी बसले होते. माझ्या पिशवीत माझी यादी होती. त्या यादीत 'दोन माणसं एकाच वेळी' ही ओळ नव्हती. ती असती तर तपासायला मला पाच मिनिटं लागली असती, फारूकभाईला दुसऱ्या फोनवर बसवायचं एवढंच. मी उठून हे सांगायला हवं होतं. मी पिशवीचा बंद हातात धरून बसून राहिले.

परतताना एसटीत मी म्हटलं, "देवानंद, यादी माझी होती." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माहीत आहे मले. पण लोकांले शिव्या द्याले एकच तोंड लागते. दोन दिले तं गोंधळून जाते बिचारे." आणि हसला. "तसंही माह्यं गाव आहे. मले जेवाले घालूनच शिव्या देतीन. तुमाले नुसत्याच."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर कागद लावला: ग्लोबल व्हेरिएबल बंद, कोणत्याही कामात, कोणत्याही कारणासाठी. देवानंद उशिरा आला, उभ्या उभ्या कागद वाचला आणि कामाला बसला. चार दिवसांनी त्याने गावाहून एक जुना, पाण्याने काळा पडलेला लाकडी खुंटा आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या वडिलांच्या हातचा, नवीन बसवल्यावर घरी पडून असलेला. म्हणाला, "बाई, तुमचा कागद अर्धाच बरोबर आहे. बीज सोडायची तारीख सगळ्या गावांसाठी एकच असते ना? ती प्रत्येक डब्यात वेगळी लिहून ठेवसान तं एक दिवस एका गावाची तारीख बदलाची राहून जाईन. तलाव सगळ्यायचाच पाह्यजे. पाहावं सगळ्यायनं. पण तुडूम एकानंच उघडावं. अन् ज्याचं त्याचं गाव ज्याच्या त्याच्या खिशात. ते तलावात टाकलं, तेच माह्यं चुकलं."

मी दोन दिवस विचार केला आणि कागद बदलला. कोणतीही व्यक्ती जे निवडते ते तिच्यापुरतंच राहील. जे खरोखर सगळ्यांचं आहे ते एका फाइलीत राहील, सगळीकडून वाचता येईल, पण बदलायची वाट एकच. आणि ती फाइल ज्याला बदलायची असेल त्याने खुंटा भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून आपल्या टेबलावर ठेवायचा. काम झालं की परत खिळ्यावर. खुंटा ज्याच्या टेबलावर, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. फारूकभाई आधी हसला. मग तोच सगळ्यात कडक झाला. "खुंटा किसके पास है?" हे आमच्या खोलीतलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य.

त्यानंतर बोटुकलीची गाडी कधी चुकली नाही. पण कोसमटोल्यात ती गोष्ट राहिली. देवानंद दर वर्षी मासोळी काढायच्या दिवशी गावी जायचा आणि दर वर्षी धर्माकाका जाळ्यापाशी उभे राहून ओरडायचे, "ह्याले मोजू नका देऊ रे, हा मासे दुसऱ्याच्या गावाले धाडते!" सगळे हसायचे. देवानंद सगळ्यात मोठ्याने हसायचा. मला येऊन सांगायचा तेव्हाही हसतच सांगायचा. एकदाच, रुमालाने चष्मा पुसत, म्हणाला होता, "बाबा असते तं त्यायले लय लागलं असतं." मी तेव्हा ट्रेनची वेळ झाली म्हणून उठले होते.

त्याला कोसमटोल्यालाच पोचवलं. पाळीच्या पलीकडे. सगळं गाव आलं होतं. धर्माकाका माझा हात धरून म्हणाले, "एकदाच चुकला बापा बाई, अन् किती बोललो आमी त्याले... पण मनानं खरा पोरगा." त्यांचे डोळे वाहत होते. माझ्यासमोर वाट पूर्ण मोकळी होती. एक वाक्य होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "हो काका, खरा होता."

ऑफिसात परत आलो तेव्हा खुंटा देवानंदच्या टेबलावर होता. जायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, त्याने तो घेतला होता. जुन्या प्रोग्रामात 'चालू हंगाम' हा सगळ्यांचा डबा अजून तीन ठिकाणांहून बदलता येत होता, ते त्याला एकावर आणायचं होतं. दोन ठिकाणं त्याने बंद केली होती. तिसऱ्यापाशी, प्रोग्रामातच, स्वतःसाठी एक ओळ लिहिली होती: 'बाईची यादी पाह्यून मग काढणे.' आठ दिवस आम्ही कोणीच खुंट्याला हात लावला नाही. नियमच तसा होता. मग फारूकभाई म्हणाला, "बाई, आप ही उठाओ."

त्या शुक्रवारी मी उचलला. यादी काढली, पहिली ओळ लिहिली: दोन माणसं एकाच वेळी. फारूकभाईला दुसऱ्या फोनवर बसवलं. तिसरं ठिकाण बंद केलं, तपासलं, खूण केली. खुंटा मात्र खिळ्यावर परत गेला नाही. तो माझ्या पिशवीत आहे, कारण तो धर्माकाकांना दाखवून मगच भिंतीवर लावायचा असं मी ठरवलं आहे. हा लेख छापून आला म्हणजे सांगून झालं असं होत नाही. काका पेपर वाचत नाहीत, आणि ज्या समाजमंदिरात मी गप्प बसले तिथेच उभं राहून 'यादी माझी होती' हे बोलायला हवं.

मूलहून कोसमटोल्याला दिवसातून दोन बस आहेत. दोन रविवार गेले. यादीतल्या बाकी सगळ्या ओळींपुढे खूण आहे. 'कोसमटोला, धर्माकाका' या ओळीपुढे नाही. अशा राहिलेल्या कामापुढे कारण लिहायचा माझा नियम आहे. काल त्या रकान्यात मी लिहिलं: उशीर.