सनातूची सावड

शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी आमच्याकडे कुणी एकटीनं काढत नाही. दळलेला काळा लगदा टोपात घेऊन, पाणी शिंपत पांढरा होईपर्यंत मळायचा, तर चार बायकांचे हात हवेत. म्हणून सावड. आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. हातांची फेड हातांनी, घरवालीनं फक्त जेवू घालायचं. तिथं नवऱ्यांची अशी उणीदुणी निघत की ऐकली असती तर ते गाव सोडून गेले असते. विधवा सनातूचा आवाज सगळ्यांत मोठा.

तिला टमाले शहरातल्या व्यापाऱ्याकडून लोण्याची मोठी मागणी आली. काम झाल्यावर तिनं जेवणाऐवजी प्रत्येकीच्या हातावर सेदीच्या नोटा ठेवल्या. बिचारीला वाटलं, बायकांचं भलं होईल.

शेजारच्या आझारानं नोटा कनवटीला लावल्या आणि विचारलं, "म्हणजे आता तू आमच्या अंगणात यायची नाहीस?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"फेड झाली की गं. मालकीणबाई झालीस."

भलं झालं, ते कशाला नाकारू? माझ्या झोपडीवर पत्रा चढला, आझाराची पोर शाळेत टिकली. आम्ही सनातूकडे रोज मजुरीला जायचो, माना खाली घालून मळायचो आणि वेळ झाली की उठायचो. ती जुनी थट्टा काढी तेव्हा बेताचं हसायचो. तिला ते कळत होतं.

एकदा आझाराकडे सावड होती. सनातू न बोलावता आली आणि थेट टोपापाशी उकिडवी बसली. ती लगद्यात हात घालणार, तोच आझारानं तिचा दंड धरला.

"अगं, मळू दे की मला. मला घरी करमत नाही," सनातू म्हणाली.

"छे, आक्का, तुम्ही कशाला हात घाण करताय?"

आझारानं घरातलं एकुलतं एक स्टूल पुसून तिला बसवलं. सगळ्यांआधी तिला वाढलं. मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे तुओ, भेंडीचा रस्सा आणि त्यात गिनी कोंबडीची तंगडी. पूर्वी या घरच्या रस्स्यात नुसती भेंडी असे. मांस आलं ते सनातूच्याच पैशानं.

आमच्यात सगळ्याजणी एकाच परातीत जेवतात. सनातूला वेगळं ताट दिलं होतं. आम्ही टोपाभोवती खिदळत होतो, आणि ती स्टुलावर एकटीच जेवत होती. मला फार वाईट वाटलं, पण मी उठले नाही.