बावडीतला फोटो

बालाघाट शहरात डोमाजींच्या फोटो स्टुडिओत कोण नाही बसलं? नवरानवरी, मास्तर, खुर्चीला टेकवून ठेवलेली मेलेली म्हातारी. त्यांच्या बायकोची, अंजनाची, बहीण सीता तेवढी राहिली. ती पोरवयातच देवीच्या तापाने गेली होती.

सीतेची एकच खूण उरली होती. एका दुष्काळात हट्टा गावची पायऱ्यांची बावडी खोल आटली, तेव्हा तिने तळाच्या भिंतीवर खिळ्याने हात धरलेल्या दोन मुली कोरल्या होत्या. मग पाणी चढलं ते कधी उतरलंच नाही. आता एकोणीसशे पासष्ट साली अंजनाने अंथरूण धरलं होतं आणि एकच धोशा लावला होता, "एकदा पाहू द्या जी."

डोमाजींनी एका मासिकात वाचलं होतं, की पूर्वी पाणबुडे साधा कॅमेरा पेटीत कोंडून पाण्यात नेत. पुढे फ्रान्समध्ये असा कॅमेरा निघाला, की त्याला पेटीच लागेना, आणि आता जपानी लोक तो विकत होते. बालाघाटात तो कुठून यायचा? त्यांनी पेटीच केली. टिनाच्या डब्याला काच बसवली, फटींत मेण भरलं आणि कॅमेऱ्याचा खटका दाबायच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चिकटवला.

मेव्हणा खेमराज बावडीच्या पायरीवर हसत होता. "जावईबुवा, मासोळीले म्हणा, जरा हास!"

"तू दोर धर ना बे."

भर दुपारी ऊन सरळ पाण्यात उतरलं, तेव्हा डोमाजींनी बुडी मारली. चित्र बोटांना लागलं. त्यांनी खटका दाबला.

फोटो पांढराफटक आला. सवयीप्रमाणे त्यांनी अंधाऱ्या खोलीतच, दुसरे फोटो धुऊन ओल्या राहिलेल्या हातांनी डबा बंद केला होता. गार पाण्यात तीच ओल काचेवर आतून धुकं होऊन बसली.

अंजनाने तो कागद किती तरी वेळ डोळ्यांपाशी धरला.

"उद्या पुन्हा जातो," डोमाजी म्हणाले.

"काहून? दिसते ना. हे मी, हे सीता."

"हौ," ते म्हणाले.

पहाटे ती गेली.

पुढे डबा उन्हात वाळला, पण डोमाजी बावडीवर गेले नाहीत. स्टुडिओत तो पांढरा कागद चौकटीत लागला. गिऱ्हाईक विचारी, "हा कोरा काहून लावला, दादाजी?"

डोमाजी आधी हात धोतराला पुसत, कोरडे असले तरी. मग म्हणत, "बायको हाये. आन् साळी, सीता."